कॅरव्हॅनचं सर्व्हिसिंग किती दिवसांनी? (नुसती उभी असली तरी?)

इस्टर जवळ आला की इथे यूकेत आपल्या लोकांपैकी कुणीतरी हे विचारतंच. तर उत्तर आधीच देऊन टाकतो, वर्षातून एकदा. तुम्ही ती ओढत स्कॉटलंडच्या टोकापर्यंत जाऊन आला असाल तरी एकदा आणि वर्षभर स्टोरेजमध्ये ताडपत्री पांघरून उभी असेल तरी एकदाच. यावर लगेच ठरलेला प्रश्न येतो की अरे पण फिरवलीच नाही ना, मग सर्व्हिसिंग कसलं?

भारतातून वाचणाऱ्यांसाठी सांगतो, टूरिंग कॅरव्हॅन म्हणजे इंजिन असलेली व्हॅन नाही, ते चाकांवरचं छोटं घर असतं आणि कारच्या मागे हुकला अडकवून ओढत न्यायचं असतं. इंजिन नाही म्हणजे ऑइल नाही, फिल्टर नाही. त्यात आपल्या डोक्यात सर्व्हिसिंगचं गणित बसलंय ते स्कूटरचं, एवढे किलोमीटर झाले की गॅरेजला टाका. कॅरव्हॅनला ते लागूच होत नाही कारण ती फिरून जेवढी झिजते त्याहून जास्त एका जागी उभी राहून खराब होते.

दुसरं म्हणजे सरकार तुमच्या मागे लागत नाही. कारला तीन वर्षं झाली की दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का याची सक्तीची तपासणी, करावीच लागते, टूरिंग कॅरव्हॅनला एमओटीच नाही. त्यामुळे लोक निवांत असतात. पण रस्त्यावर ती सुरक्षित हवी ही जबाबदारी कायद्याने ओढणाऱ्याचीच, टायर गुळगुळीत असले किंवा ब्रेक लागत नसले तर पोलीस अडवणारच. आणि डिसेंबर २०२१ पासून नियम सैल झालाय, १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांनाही आता वेगळी टेस्ट न देता साडेतीन टनापर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. आपल्यातल्या बहुतेकांचं लायसन्स त्या नंतरचंच, म्हणजे कुणीही काही न शिकवता सेकंडहँड कॅरव्हॅन घेऊन मोटरवेवर यायची सोय झाली. छान आहे, पण म्हणून निदान वर्षातून एकदा तरी कुणा जाणकाराने ती खालून-वरून बघितलेली बरी.

आता बघतात काय. आधी खालचा भाग. इथल्या बऱ्याचशा कॅरव्हॅनचा सांगाडा अल-को कंपनीचा असतो, ड्रम ब्रेक असतात, आणि ड्रम काढून आत ब्रेक शू किती उरलेत ते बघावं लागतं. बाहेरून काहीच कळत नाही. उभ्या कॅरव्हॅनचा हँडब्रेक महिनोन्महिने लावून ठेवला की शू ड्रमला चिकटून बसतात, गंज धरतो. ड्रम बसवायचा मधला मोठा नट एकदाच वापरायचा असतो, दर वेळी नवीन टाकून २९० न्यूटन मीटरला आवळावा लागतो, म्हणून हे काम घरी पान्हा घेऊन करायच्या फंदात पडू नका. तुमच्याकडे एवढ्या ताकदीचा टॉर्क रेंच, म्हणजे मोजून ठरलेल्या जोराने आवळायचा पान्हा, नसणार. सर्व्हिसिंग करणाऱ्याला सरळ विचारा, नट नवीन टाकला का. नुसता प्रश्न विचारला तरी समोरचा सावध होतो.

चाकाचे बोल्ट मात्र तुमचं काम. चाक काढून परत बसवलं की थोडं अंतर, साधारण तीस मैल, गेल्यावर थांबून बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे जोराला, आवळलेले आहेत ना ते पुन्हा तपासायचं. कॅरव्हॅनचं चाक निखळून जाणं ही इथली दंतकथा नाही, खरंच होतं. कार चालवणाऱ्याला मागे काय सुरू झालंय ते पटकन कळतही नाही.

टायरचा तर विषयच वेगळा. कारचे टायर घासून संपतात, कॅरव्हॅनचे म्हातारे होऊन. नक्षी अगदी कोरी दिसते आणि बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरवर तो कधी बनला त्याचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे ३११९ असेल तर २०१९ चा एकतिसावा आठवडा. पाच वर्षं झाली की बदलायचा विचार करा, सातच्या पुढे अजिबात नको, नक्षी कितीही शिल्लक असू दे. कायद्याला हवी ती नक्षीची खोली १.६ मिलिमीटर आहे, पण कॅरव्हॅनच्या टायरची अडचण बहुतेक वेळा ती नसतेच. हिवाळ्यात उभी असताना मधून मधून थोडी पुढे-मागे करून चाक फिरवून ठेवलं तर एकाच जागी वजन पडत नाही.

गॅस. यात मी तडजोड करत नाही, कारण आपण त्याच डब्यात झोपतो. गळतीची टेस्ट, रबरी नळीवरची तारीख, रेग्युलेटर, फ्रिज-हीटर-शेगडीच्या ज्योती, सगळं दर वर्षी. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मलासुद्धा एक्सपायरी असते, टेस्टचं बटण दाबून आवाज आला म्हणजे आतला सेन्सर जिवंत आहे असं नाही. आणि एक खास आपल्यासाठी, जमिनीत आणि दाराजवळ ज्या जाळ्या असतात ना, त्यातून गार वारा येतो म्हणून लोक त्यावर गालिचा, टेप, जुने टॉवेल असलं काहीतरी कोंबतात. करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि त्या जाळ्यांतूनच बाहेर जातो. थंडी वाजते तर अजून एक रजई घ्या.

पण खरे पैसे कशात बुडतात तर ओलीत. इथे सगळे डँप म्हणतात. कॅरव्हॅनची भिंत म्हणजे बाहेर ॲल्युमिनियम किंवा फायबरचा पत्रा, मध्ये फोम, आत पातळ प्लाय, जुन्या असतील तर आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. कोपऱ्यातले सांधे, खिडक्यांच्या कडा, छतावरची झरोक्याची खिडकी, तंबू अडकवायची पट्टी, सगळीकडे सीलंट भरलेलं असतं आणि ते काही वर्षांत सुकून कडक होतं. त्यात रस्त्यावर कॅरव्हॅन सतत हलत-पिळवटत असते. मग एक केसाएवढी फट पडते आणि इथल्या पावसाला तेवढी पुरते. वाईट भाग हा की आतून वॉलपेपर कोरडाच दिसतो, मागचं लाकूड मात्र कुजत असतं. हाताला मऊ लागेपर्यंत खूप उशीर झालेला असतो.

म्हणून भिंतीला ओल मोजायचं मीटर लावून आकडे घेतात. साधारण १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, २० च्या वर गेलं की कारण शोधायचं आणि ३० च्या पुढे असेल तर आतला सांगाडा गेला असायची शक्यता. एकटा आकडा बघून घाबरायचं नाही, पावसाळी दिवसात थोडा वर येतो. मागच्या वर्षी त्याच कोपऱ्यात किती होता ते महत्त्वाचं, आणि तुलना करायला मागच्या वर्षीचा कागद लागतोच की! दोन वर्षांनी एकदा करू म्हणणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं, ब्रेकबद्दल एक वेळ वाद घाला पण डँप दर वर्षी. आत शिरत राहिलेल्या पाण्याचं नुकसान विमा कंपनी सहसा देत नाही, हळूहळू झालेलं नुकसान म्हणून हात वर करतात. दुरुस्ती हजारो पौंडांत जाते.

आपण आत वरणभात शिजवतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, खिडक्यांवर पाणी ओघळतं. ती ओल वेगळी, वरची खिडकी जराशी उघडी ठेवली की जाते. पण एखादा कोपरा उन्हाळ्यातही कुबट वास मारत असेल तर तो कुकरचा दोष नाही.

नवीन घेतलेली असेल तर वॉरंटीसाठी तुम्हाला पर्यायच नाही. पाणी शिरण्याची वॉरंटी बऱ्याचदा सहा किंवा दहा वर्षांची असते, पण अट अशी की दर वर्षी ठरलेल्या मुदतीत सर्व्हिसिंग झालेलं हवं आणि पुस्तिकेत शिक्का हवा. मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी, पुस्तिका उघडून बघा. आमच्या ओळखीच्या एकांनी दोन महिने उशीर केला आणि नंतर खिडकीखाली पाणी निघालं तेव्हा क्लेम नाकारला. भांडून काही उपयोग झाला नाही, अट छापलेली होती.

आणि वॉरंटी संपली म्हणून सर्व्हिसिंग बंद, हे तर मला अजिबात पटत नाही. उलट तेव्हाच सांधे जुने व्हायला लागतात आणि खर्च तुमच्या खिशातून होणार असतो.

करून कुणाकडून घ्यायचं? अप्रूव्हड वर्कशॉप स्कीम आहे, नॅशनल कॅरव्हॅन कौन्सिल आणि इथले दोन मोठे क्लब मिळून चालवतात, त्या यादीतला माणूस घ्या. त्यात घरी येणारे मोबाइल इंजिनियरसुद्धा असतात, तुमच्या ड्राइव्हवेवर दिवसभर काम करतात. मला तेच आवडतं, शेजारी उभं राहून बघता येतं आणि चहा दिला की माणूस मोकळेपणाने बोलतो. खर्च एका ॲक्सलच्या, म्हणजे चाकांची एकच जोडी असलेल्या, कॅरव्हॅनला अडीचशे पौंडांच्या आसपास धरून चाला, दोन ॲक्सलला जास्त, सुटे भाग वेगळे.

वेळ मात्र चुकवू नका. मार्चमध्ये सगळा देश फोन करत असतो. मी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकतो, टाक्या आणि पाइपमधलं पाणीही तेव्हाच पूर्ण काढून नळ उघडे ठेवायचे असतात, नाहीतर गोठून पाणी तापवायचा हीटर फुटतो. काही सापडलंच तर दुरुस्तीला अख्खा हिवाळा मिळतो. कागदावर आकड्यांसकट डँपचा नकाशा काढून मागा, नुसतं 'ओके' लिहून दिलं तर पैसे द्यायच्या आधी परत पाठवा.