जादू वल्द विठोजी

मास्तरसाहेबांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा कपाळावर ढकलला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "इसमें तो जादू लिखा है, भाई."

पुतण्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मास्तरसाहेबांकडं.

"जादू?"

"जादू राघोजी वल्द विठोजी. साफ लिखा है."

राघोजी वल्द विठोजी, म्हणजे विठोजीचा मुलगा राघोजी, माझे पणजोबा. कोरडवाहू शेतीतला माणूस. त्यांनी कधी काही जादू केल्याचं आमच्या घरात कुणी सांगितलेलं नाही. उलट त्यांच्या हाताला बरकत नव्हती, असंच आज्जी म्हणते.

मास्तरसाहेब उर्दू शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण २०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामाच्या काळातले कागद वाचणाऱ्या माणसाला एकदम भाव आला. कुणी पत्र्याची पेटी घेऊन येतं, कुणी मोबाइलवरचा फोटो, कुणी नुसतीच चिंता. आपल्या वर्गातसुद्धा एवढी पोरं इतकी गप बसत नव्हती, असं ते स्वतःच सांगतात. माझ्या चुलत पुतण्यालाही कुणबी दाखल्यासाठी १९६७ च्या आधीची नोंद हवी होती, आणि घरात 'कागदाचं कळतं' अशी माझी उगीचच ख्याती. म्हणून मी सोबत.

आमचं आडनाव जाधव. त्याची जादू कशी झाली, याचा उलगडा मास्तरसाहेबांनीच केला. उर्दूत 'वाव' नावाचं एकच अक्षर व, ऊ आणि ओ या तिघांची कामं करतं. त्यात लिहिणाऱ्यानं घाईत 'ध'चा हकार गाळला, की राहिलेल्या अक्षरांचं जादव करायचं, जादो करायचं की जादू, ही वाचणाऱ्याची मर्जी. ही गत एकट्या आमच्या राघोजींची झालेली नाही. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांना, खुद्द जिजाऊंच्या वडिलांना, फारसी तवारिखांनी जादोराय, जादूराय करून ठेवलंय. हे ऐकून पुतण्याची छाती दोन इंच फुगली. म्हटलं, बाबा, त्याच लखुजींना १६२९ साली दौलताबादच्या किल्ल्यात दरबाराला बोलावून मुलांसकट मारलं. तेव्हा जपून.

पण छाती फुगणं हे जाधवांचं जुनंच दुखणं. जाधव म्हणजे यादव, यादव म्हणजे देवगिरी. मग मधली सातशे वर्षं बैलामागं गेली तरी बेहत्तर. माझे एक काका दौलताबादला सहलीला गेले आणि तिकिटाच्या खिडकीशी रेंगाळले. आपल्याच वाड्यात शिरायला पैसे द्यायचे हे त्यांना पटेना. शेवटी दिले. पण वर चढताना प्रत्येक पायरीकडं असं बघत होते, जणू भाडेकरूनं घर नीट ठेवलंय का ते तपासायला आलेत. देगलूरकर, औसेकर या मंडळींचं बरं असतं, आडनावातच पत्ता. नांदेडकडं नावामागं '-वार' लागलं की तेलुगू मुलूख जवळ आल्याचं कळतं. आमच्या आडनावात मात्र एक आख्खं राज्य बसलेलं, आणि तेही बुडालेलं.

आणि ते एकट्या आमचं तरी कुठंय? माझ्या ऑफिसात एक जाधव होते, बंजारा, तांड्यावरचे. माझी टपाल त्यांच्या टेबलावर आणि त्यांची माझ्या. एकदा मी देवगिरीचा विषय काढला तर हसून म्हणाले, "साहेब, मी वडतिया. बाहेरच्यांसाठी जाधव." त्यांच्याकडं वंशाचं गाणं करून सांगणारे ढाडी असतात. पूर्वज सगळे तोंडपाठ, कागदाचं काम नाही. बौद्ध जाधव आहेत, कैकाडी जाधव आहेत, शिंपी आहेत. एकाच पाटीखाली इतकी घरं, आणि प्रत्येकाची गोष्ट निराळ्या वाटेनं आलेली.

गंमत म्हणजे आमच्या गावात जाधव हे आडनाव कुणी वापरतच नाही. निम्मं गाव जाधव. तिथं 'जाधवाकडं जातो' म्हणणं म्हणजे नदीवर जाऊन 'पाण्याकडं आलो' म्हणण्यासारखं. तिथं आडावरचे असतात, गढीचे असतात, उगवतीचे असतात. 'बारा बैलांचे' म्हणून एक घर आहे, त्यांच्या दावणीला आज एक कालवडसुद्धा नाही. एक 'हैद्राबादी' आहेत. त्यांचा कुणी पूर्वज जमिनीच्या दाव्यासाठी हैदराबादला खेटे घालून घालून दमला आणि दावा हरून परत आला. दावा कशाचा होता ते कुणालाच आठवत नाही, हरल्याचं मात्र साऱ्या गावाला पाठ. आणखी एका घराचं नाव इथं छापता येण्याजोगं नाही. त्या घरची मंडळी त्याच नावाला बिनदिक्कत ओ देतात.

आम्ही 'पिंपळाखालचे'.

या नावांची खरी परीक्षा १९९३ साली झाली. तोवर आमचं गाव जागचं हललं नव्हतं, सरकारंच त्याच्यावरून सरकत गेली. १९४८ पर्यंत निजामाचं, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात, १९८२ ला उस्मानाबादचं लातूर जिल्ह्यात. गाव तिथंच. मग ३० सप्टेंबरची ती भूकंपाची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. माळवदाची घरं, वर हातभर माती. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, आमच्याकडं अजूनही ते कुणी फार बोलत नाही.

नंतर जी ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी बसवली, त्यांत आमचं एक. घर किती मोठं मिळणार ते जमिनीवर ठरलं. २५० चौरस फूट, ४०० किंवा ७५०. म्हणजे आधी सातबारा, आणि सातबाऱ्यावर जाधवच जाधव. एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे तीन बाबूराव माधवराव जाधव निघाले. यादी करणारा कारकून परगावचा. त्यानं वैतागून विचारलं, "यातले कोण कुठले, ते तरी सांगा." लोकांनी सांगितलं. आणि त्या सरकारी यादीत, टंकलिखित नावापुढं, पेननं कंसात उमटलं: (आडावरचे). आमच्या गावाचं खरं आडनाव सरकारदप्तरी गेलं ते माझ्या माहितीत एवढंच एकदा.

नव्या गावात आड नाही. उगवतीचे मावळतीला गेले, कारण प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले. पिंपळ जुन्या गावातच राहिला. आमच्या दारापुढं सिमेंटचा रस्ता आणि विजेचा खांब आहे. तरी आम्ही पिंपळाखालचेच. माझ्या पुतण्याचा जन्म त्यानंतर दहा-बारा वर्षांचा. त्यानं तो पिंपळ धड पाहिलासुद्धा नसेल.

तर कागद. पणजोबांच्या त्या कागदावर साल होतं १३५० फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १९४०-४१. वर्ष लागायचं ऑक्टोबरात, आजूर महिन्याला. हे मास्तरसाहेब असं सांगत होते की जणू कालच आजूर संपून दय लागलाय. पुतण्याला फसलीत रस नव्हता. त्याला हवा होता सांधा. जादू राघोजीपासून तो स्वतःपर्यंत न तुटता येणारी नावं, प्रत्येकापुढं कागद आणि कागदावर जाधव. त्याची वंशावळ तयारच होती, कॉम्प्युटरवर काढलेली, झाडासारखी. विठोजी, राघोजी, मग माझे आजोबा आणि त्यांचे भाऊ, खाली आम्ही.

ती घेऊन आदल्याच आठवड्यात तो आज्जीकडं गेला होता. आज्जी नव्वदीला टेकलेली. त्यानं विचारलं, नावं बरोबर हायत का? आज्जीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आन बाया?"

"कोणत्या बाया?"

"ही समदी काय आभाळातून पडली का रं?"

मग तिनं तिची वंशावळ सांगितली. विठोजीला मातोळ्याची केलेली. ती पहिल्या बाळंतपणात गेली, मग लामजन्याची. राघोजी लामजन्याचीचा. त्याला उजनीची. आज्जी स्वतः आशिवची, माहेरच्या मान्यांची. आमच्याकडं सून आली की तिचं माहेरचं गाव तिला चिकटतं आणि नाव मागं पडतं. आडनाव तर उंबऱ्यातच बदलतं. त्यामुळं आज्जीची वंशावळ ऐकताना औसा तालुक्याचा नकाशा ऐकल्यासारखं वाटतं. पुतण्यानं यातलं काही लिहून घेतलं नाही. फॉर्मवर तेवढे चौकोनच नव्हते.

मी तिला म्हटलं, आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या नावात आईचं नाव लिहावंच लागतं, बापाच्या आधी. तिनं जरा विचार केला. "बरं झालं," म्हणाली, "पर लई उशिरा सुचलं."

वडिलांचं त्र्यंबकेश्वरला केलं तेव्हा तिथल्या गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारून चोपडा काढला होता. त्यात आजोबांची सही सापडली, वळणदार, 'व'चा शेपटा ओढलेला. मला एकदम घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. त्या पानावरही पुरुषच होते. त्या दिवशी हे माझ्या ध्यानात आलं नाही, खोटं कशाला बोलू.

मास्तरसाहेबांकडून उठलो ते तहसीलला. पुतण्यानं १९५४ च्या खासरा पत्रकाच्या नकला काढून ठेवल्या होत्या. मराठवाड्यात जमिनीचा कुठलाही वाद असो, शेवटी गाडी या खासऱ्यापाशी येऊन थांबते. हा मराठीत, म्हणून मास्तरसाहेबांची गरज नव्हती. झाडाखाली मोटारसायकलवर नकला पसरून आम्ही बघत बसलो. पुतण्या बोट फिरवत जाधव शोधत होता. एक पान त्यानं दोनदा उलटून पुढं टाकलं, कारण त्यावर जाधव नव्हता. तिसऱ्यांदा मी हात धरला. सर्व्हे नंबर आमचा होता. विहिरीकडचं रान, जे आम्ही आजही कसतो. आणि कब्जेदाराच्या रकान्यात लिहिलेलं: गंगाबाई भ्र. राघोजी.

भ्र. म्हणजे भ्रतार. राघोजीची बायको गंगाबाई. एवढंच. पुढं आडनाव नाही.

"ही कोण?" पुतण्या म्हणाला.

मी आज्जीला फोन लावला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून तहसीलच्या आवारात ओरडून विचारावं लागलं, गंगाबाई कोण? चार लोकांनी वळून पाहिलं.

पलीकडं थोडा वेळ काही नाही. मग, "अरं आत्याबाई! माझी सासू. उजनीची. तुला कुणी सांगितलं तिचं नाव?"

म्हटलं, खासऱ्यात निघालं.

"निघंल न्हाई तर. राघोजी मेला तवा पोरं लहान. भाऊबंद रानात पाय ठेवू देईनात. त्यात रझाकाराचं सुरू झालं, समदे सोलापूरकडं निघाले. तिनं जमिनीचे कागद बळदात जवारीखाली पुरले आन मग घर सोडलं. म्हयन्यांनी माघारी आली तर जवारी नेलेली, कागद तितंच. मला लगीन होऊन आल्यावर रोज सांगायची. येसकराला, पाटलाला, कुणालाबी भ्याली न्हाई..."

ती बोलतच राहिली. ते कागद आता नाहीत, बळद १९९३ ला भिंतीसकट गेलं. पण नक्कल माझ्या मांडीवर होती आणि आवाज कानात. पाटलाशी ती काय बोलली, विहिरीवर मोट कुणी धरली, उजनीच्या भावानं एक बैल कसा दिला, सगळं सलग. मी मध्ये नुसता हं हं करत होतो.

पुतण्यानं माझी बाही ओढली.

"काका, आज्जीला विचारा ना, त्या आडनाव काय लावायच्या?"

मी विचारलं.

"आडनाव?" आज्जी म्हणाली. "तिला समदे उजनीकरीण म्हणायचे."