कवितेमुळे वाचलेले देव

आइसलँडची राजधानी रेक्याविकमध्ये टेकडीवरच्या मोठ्या चर्चजवळच्या वस्तीत ओडिन, थॉर, फ्रेया आणि बाल्डर या प्राचीन स्कँडिनेव्हियन, म्हणजे नॉर्स, देवदेवतांच्या नावांचे रस्ते आहेत, आणि थॉरच्या रस्त्याला लागूनच कपटी, खोडकर लोकीचीही गल्ली आहे. येथे नव्याने आलेल्या भारतीयाला वाटते की हा देश अजून मनाने जुन्या देवांचाच असावा; वस्तुस्थिती तशी नाही. इ.स. 1000 च्या सुमारास आल्थिंग या देशसभेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि आज जगभर वाचल्या जाणाऱ्या नॉर्स पुराणकथांचा सर्वांत सुसंगत ग्रंथ त्यानंतर दोन शतके लोटल्यावर एका ख्रिस्ती सरदाराने लिहिला.

तो सरदार म्हणजे स्नोरी स्टर्लुसन. जुना धर्म टिकवावा, असा त्याचा हेतू नव्हता. त्याला काळजी होती ती कवितेची. स्काल्ड म्हणवले जाणारे दरबारी कवी सोन्याला 'सिफचे केस' किंवा 'फ्रेयाचे अश्रू' म्हणत. लोकीने थॉरच्या पत्नीचे, म्हणजे सिफचे, केस खोडसाळपणे कापले आणि मग खुजांकडून तिच्यासाठी सोन्याचे केस घडवून आणले, ही कथा ज्याला ठाऊक नाही त्याला ती ओळ उलगडतच नाही. 'जलधितनया' म्हणजे लक्ष्मी, हे कळण्यासाठी आपल्याकडे समुद्रमंथन माहीत असावे लागते, तसाच हा प्रकार. ख्रिस्ती घरांत वाढलेल्या तरुण कवींना या कथा परक्या होऊ लागल्या, म्हणून स्नोरीने 1220 च्या सुमारास 'एड्डा' हे काव्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक रचले. त्याच्या शेवटी नॉर्वेचा राजा हाकोन आणि त्याचा सरदार स्कूली यांची, वेगवेगळ्या वृत्तांची उदाहरणे देत रचलेली, शंभरावर कडव्यांची स्तुती आहे. त्याच हाकोनची मर्जी पुढे फिरली आणि 1241 मध्ये रेखोल्ट येथील राहत्या घरी स्नोरीची हत्या झाली.

ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्नोरी सांगतो की हे देव मुळात माणसेच होती आणि ती आशियातून, ग्रीक महाकाव्यातल्या ट्रॉय नगराकडून उत्तरेला आली. या वाक्यावरून थेट भारताशी नाते जोडणारे उत्साही लोक आपल्यात भेटतात. मात्र आपली वंशावळ ट्रॉयपर्यंत नेणे ही मध्ययुगीन युरोपातील विद्वानांची रूढ रीत होती, आणि तिला पुरावा मानता येणार नाही.

ज्या जुन्या कवितांवर स्नोरी विसंबला, त्यांतील बहुतेकांचा मुख्य आधार म्हणजे 'कोडेक्स रेजियस' हे तेराव्या शतकातील, वासराच्या कातड्यावर लिहिलेले छोटेसे हस्तलिखित. ते 1643 मध्ये आइसलँडमधील स्काल्होल्टच्या बिशपच्या हाती आले, 1662 मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेले, आणि 1971 मध्ये आरमारी जहाजाने आइसलँडला परत आले तेव्हा बंदरावर लोकांची गर्दी लोटली होती. त्याची 45 पाने उरली आहेत. हरवलेली आठ पाने सिगुर्ड या वीराच्या कथेतील आहेत, आणि ती मजकुरातील पोकळी अभ्यासकांना आजही सलते.

या संग्रहातील 'थ्रिम्सक्विडा' ही कविता मला विशेष प्रिय आहे. थ्रिम नावाचा राक्षस थॉरचा हातोडा चोरतो आणि मोबदल्यात फ्रेयाशी विवाह मागतो. ती संतापाने इतकी फुत्कारते की तिचा कंठहार तुटून पडतो. अखेर थॉरलाच नवरीचा वेश देऊन, लोकीला दासी करून, राक्षसाच्या घरी पाठवतात. पंगतीत नवरी एक अख्खा बैल आणि आठ सामन मासे फस्त करते, आणि चकित झालेल्या वराला लोकी शांतपणे सांगतो की तुमच्या ओढीने हिने आठ रात्री अन्नाला शिवले नाही. पुढे नवरीला आशीर्वाद म्हणून तो हातोडाच तिच्या मांडीवर ठेवला जातो, आणि मग लग्नघरी कोणीही जिवंत राहत नाही. ही रचना ख्रिस्तपूर्व श्रद्धेतून आली की नंतरच्या थट्टेतून, यावर मतभेद आहेत. मला दुसरी बाजू अनिवार्य वाटत नाही, कारण आपल्या देवावर मनमोकळे हसणे हे भक्तीच्या परंपरांनाही वर्ज्य नसते.

पुढच्या साहित्याने या ठेव्यातून भरपूर उचलले. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्किन याने आपल्या खुजांची नावे, आणि त्याच्या कथांतील जादूगार गँडाल्फचेही, 'वोलुस्पा' या कवितेतील यादीतून घेतली. आइसलँडमध्ये 1972 मध्ये जुन्या देवांचा पंथ पुन्हा स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला सरकारी मान्यता मिळाली; त्याचा पहिला प्रमुख स्वेनब्योर्न बेन्टेन्सन हा शेतकरी होता, आणि पारंपरिक वृत्तांत रचना करणारा कवीही.