सर, सही

नव्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणवर्गातला दहा मिनिटांचा पाठ संपला. घड्याळ बंद झालं. पाठ घेणारे सर फळा पुसून सरळ माझ्या टेबलाशी आले आणि वही उघडून पुढे धरली. "सर, सही."

वर्गातल्या अडतीस जणांपैकी निम्मे हसले. निम्मे हसले नाहीत. न हसणारे कोण, ते मी नंतर यादीत बघितलं. तेही तासिका तत्त्वावरून आलेले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तासिकेवरच्या प्राध्यापकाला पगार नसतो, तासांचं बिल असतं. तास घेतला की रजिस्टरमध्ये तारीख, वर्ग, घटक लिहायचा आणि विभागप्रमुखाची सही घ्यायची. सही नाही तर तास नाही, आणि तास नाही तर पैसे नाहीत. नियुक्ती दरवर्षी नवी, बिलं महिनोन्‌महिने अडकलेली, उन्हाळ्यात शुकशुकाट. ह्या सरांनी हे चौदा वर्षं केलं होतं. मधल्या काळात, २०१७ला, राज्याने भरतीच थांबवली. पुढे २,०८८ जागांची परवानगी निघाली, त्या भरतीत त्यांचा नंबर लागला. वय त्रेचाळीस. आमच्या लेखी ते 'नवनियुक्त'.

मी नवनियुक्त प्राध्यापकांच्या महिनाभराच्या प्रशिक्षणवर्गाचं समन्वयन करतो. आमच्या केंद्राचं नाव आधी अकॅडेमिक स्टाफ कॉलेज होतं, मग एचआरडीसी, म्हणजे मानव संसाधन विकास केंद्र झालं, २०२३पासून मालवीय मिशन ह्या शिक्षक-प्रशिक्षण योजनेचं केंद्र आहे. पाटी दोनदा बदलली, उद्‌घाटनाची भाषणं तीच आहेत. महाविद्यालयात शिकवायला बी.एड. लागत नाही. नेट-सेट ह्या पात्रता परीक्षांच्या पहिल्या पेपरात अध्यापन अभियोग्यतेचे थोडे प्रश्न असतात, ते पर्यायांत खूण करून सोडवले की माणूस साठ पोरांपुढे उभा. म्हणून महिन्यातला मला खरा वाटणारा दिवस एकच, सूक्ष्म पाठांचा. एक कौशल्य, दहा मिनिटं, समोर बसलेले सगळे सहकारी, आणि हातात निरीक्षणपत्रिका. बाकी बरेच तज्ज्ञ पीपीटी वाचून दाखवतात आणि प्रवासभत्त्याचा फॉर्म भरून जातात.

सरांचा विषय भूगोल. त्यांनी मेसमधून एक मोठा बटाटा आणला होता, उभा अर्धा कापलेला. सपाट बाजू कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली. मग वरून आरपार दोन टाचण्या खोचल्या, म्हणजे चकत्या उचलून परत ठेवताना जागा चुकत नाही. तळाची चकती काढली, उरलेला बटाटा टाचण्यांच्या खुणांवर बसवला, पुन्हा पेन्सिल. असं चार वेळा. कागद उचलून दाखवला तर त्यावर एकात एक चार रेषा. बटाटा मुद्दाम एका अंगाला फुगीर, दुसऱ्या अंगाला उतरता निवडलेला, त्यामुळे रेषा एकीकडे दाटीने आणि दुसरीकडे विरळ आल्या होत्या.

"ह्या डोंगरावर तुम्ही कुठल्या बाजूने चढाल?" त्यांनी वाणिज्यच्या एका मॅडमना विचारलं. मॅडमनी विरळ बाजू दाखवली. "का?" मॅडम थांबल्या, मग स्वतःच म्हणाल्या, "तिथे दम कमी लागेल." समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा, हा शब्द त्यांनी तेव्हा पहिल्यांदा फळ्यावर लिहिला. शेवटी विचारलं, "आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ह्या रेषा कशा दिसतील?" मागून कुणीतरी म्हणालं, "एकमेकींवर बसतील." दहावं मिनिट संपत होतं.

पत्रिकेत 'तंत्रज्ञानाचा वापर' असा रकाना आहे. तिथे मी काय लिहिलं ते सांगत नाही. एका तरुण निरीक्षकाने शून्य दिला होता.

तर सही. मी केली, तारखेसकट. दुसरं काय करणार होतो? ते ओशाळले, "सवय हो सर" म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

मला टोचतंय ते वेगळंच. पहिल्या दिवशी नोंदणीच्या वेळी ते मला विचारायला आले होते, "अनुभवात किती लिहू?" मी मान वर न करता म्हणालो होतो, "नियमित नियुक्तीपासून." त्यांनी 'एक वर्ष' लिहिलं. सहीनंतर संध्याकाळी मी तो फॉर्म काढून बघितला. रकाना आहे 'अध्यापनाचा अनुभव (वर्षे)'. 'नियमित' हा शब्द त्यात कुठेच नाही. तो माझा होता. पदोन्नतीची प्रकरणं तपासून तपासून जिभेवर बसलेला. तिथे तो बरोबर आहे, कारण आधीची सेवा धरायची तर वेतन नियमित प्राध्यापकापेक्षा कमी नसावं अशी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत अट आहे, आणि तासिकेवाला त्यात बसतच नाही. पण आमच्या नोंदणीचा पदोन्नतीशी संबंध काय?

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांना गाठलं. म्हटलं, मी पंधरा करून घेतो. ते आधी गप्प राहिले. मग कप खाली ठेवून हळूच म्हणाले, "नको सर. सेवापुस्तकात एक आहे, इथे पंधरा दिसलं आणि कुणी विचारलं तर? आत्ता कुठे नेमणुकीला मान्यता आलीय."

मी म्हणालो, कोण विचारणार आहे! पण त्यांच्याएवढं मला तरी काय माहीत, कोण काय विचारतं ते.

क्लार्कने एक्सेलची ती ओळ पिवळी करून ठेवलीय. यादी शुक्रवारी पाठवायची आहे, आणि तो दोनदा विचारून गेला, "साहेब, एक की पंधरा?"