घरचा मीडिया सर्व्हर: बसवणे सोपे, बाहेरून पोहोचणे विचाराचे

जुन्या संगणकावर जेलीफिन हे मीडिया सर्व्हरचे सॉफ्टवेअर बसवून आपल्या संग्रहातले चित्रपट, गाणी आणि कौटुंबिक चित्रफिती घरातल्या प्रत्येक पडद्यावर पाहता येण्याची सोय करणे आता मुळीच अवघड राहिलेले नाही. एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला कोड बंदिस्त केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्यातूनच वेगळे झालेले हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे आणि त्यातली कोणतीही सोय पैसे भरेपर्यंत अडवून ठेवलेली नाही, म्हणून माझा कौल त्यालाच आहे.

बसवताना अडखळायला होते ते बहुधा परवानग्यांपाशी. लिनक्सवर जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते. त्यामुळे चित्रपटांचे फोल्डर वाचण्याची मुभा त्याला दिली तरी तेवढ्याने भागत नाही. त्या फोल्डरच्या वर असलेल्या प्रत्येक फोल्डरमधून आत जाण्याची परवानगीही त्याला लागते. डेस्कटॉपवर आपोआप जोडली गेलेली बाह्य हार्ड डिस्क अनेकदा फक्त लॉगिन केलेल्या व्यक्तीलाच खुली असते आणि मग सर्व्हर व्यवस्थित चालू असूनही लायब्ररी रिकामीच दिसते. अशी डिस्क एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याची लिनक्सची यादी) नोंदवून कायमच्या ठिकाणी जोडणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे. राउटरमध्ये सर्व्हरसाठी एक आयपी पत्ता राखून ठेवला, की घरातल्या कोणत्याही ब्राउझरमध्ये तो पत्ता आणि त्यापुढे ८०९६ हा पोर्ट (सर्व्हरचा प्रवेश-क्रमांक) टाकून काम सुरू होते.

खरा विचार करावा लागतो तो बाहेरून पोहोचण्याचा. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून येणारी विनंती सर्व्हरकडे वळवून, ८०९६ थेट इंटरनेटवर उघडावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. या पोर्टवरची वाहतूक मुळात एन्क्रिप्ट केलेली नसते, त्यामुळे पासवर्डसुद्धा उघडाच प्रवास करतो. शिवाय उघडे पोर्ट शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम इंटरनेटवर अखंड चालू असतात आणि उद्या सर्व्हरमध्ये एखादी त्रुटी निघाली, तर ती त्यांच्यासाठी आयतीच खुली असते. ज्या यंत्रावर कुटुंबाची छायाचित्रे आहेत त्याच्या बाबतीत हा धोका पत्करू नये, असे मला मनापासून वाटते.

त्याऐवजी व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंत नेणाऱ्या खाजगी, एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीचा मार्ग धरावा. वायरगार्ड हे व्हीपीएन २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या कर्नलमध्येच (गाभ्यातच) समाविष्ट झाले. ते हलके आहे आणि योग्य किल्ली नसलेल्या कोणालाही ते उत्तरच देत नाही. मात्र त्यासाठी घराच्या जोडणीपर्यंत बाहेरून पोहोचता आले पाहिजे. राउटरच्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात सुरू होत असेल, तर सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे असे समजावे. तेथे राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरची विनंती घरापर्यंत येत नाही. अशा वेळी वायरगार्डवरच आधारलेले टेलस्केल कामी येते, कारण त्यात दोन्ही टोके आतून बाहेर जोडणी करतात आणि थेट मार्ग जुळला नाही तर मधल्या सर्व्हरमार्फत बोलतात. टेलस्केलही आपल्या उपकरणांना याच टप्प्यातले पत्ते देते, म्हणून तपासणी राउटरच्याच पानावर करावी.

जोडणी झाल्यावर प्रश्न उरतो वेगाचा. बाहेरून पाहताना घरचा अपलोड वेग महत्त्वाचा ठरतो, डाउनलोड नव्हे. सेकंदाला दहा मेगाबिट लागणारी, म्हणजे दहा एमबीपीएसची फाइल पाच एमबीपीएसच्या अपलोडमधून जशीच्या तशी जाणार नाही. ती सर्व्हरला त्याच क्षणी लहान करून पाठवावी लागते, म्हणजेच ट्रान्सकोडिंग. इंटेलचे क्विक सिंक (चित्रफितींचे रूपांतर करणारा प्रोसेसरमधला खास भाग) असलेला साधा प्रोसेसरही हे काम सहज पेलतो, पण डॅशबोर्डमध्ये हार्डवेअर अॅक्सिलरेशन आपण स्वतः चालू करावे लागते. घरातच, चांगल्या नेटवर्कवरही चित्र अडकत असेल तर सबटायटलकडे पाहावे: ब्लू-रेवरून आलेली सबटायटल अक्षरांची नसून चित्रांची असतात आणि प्लेअरला ती दाखवता येत नसतील तर सर्व्हरला ती प्रत्येक फ्रेमवर छापत बसावे लागते. त्याच चित्रपटासाठी एसआरटी (अक्षरी सबटायटलची) फाइल शेजारी ठेवली आणि तीच निवडली, की हा भार उतरतो. डॅशबोर्डवरच्या चालू सत्रात ट्रान्सकोडिंगच्या जागी थेट प्लेबॅक दिसू लागतो.