झोपेतल्या लाथा

"अहो, हे तर झोपेत लाथा मारायचे, ओरडायचे, मी कितीतरी वर्षं वेगळ्या खोलीत झोपते," काकू आज सहज बोलून गेल्या आणि माझं पेन थांबलं. हे त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं.

काकांना आणलं होतं अंग ताठ झालंय, दिवसभर गुंगी, घासही नीट गिळता येत नाही म्हणून. त्याआधी त्यांना घरात लहान मुलं दिसायची, घाबरायचे वगैरे नाहीत हं, उलट त्यांना जेवायला द्या म्हणायचे. भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉल हे भास थांबवायचं औषध सुरू झालं आणि मग हे सगळं. घरच्यांना वाटलं आजार वाढला.

लेवी बॉडी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार, असाच चकवतो. सकाळी मस्त गप्पा मारणारा माणूस संध्याकाळी पार हरवलेला, चाल मंद, भास अगदी स्पष्ट, आणि झोपेतली हाणामारी तर विसरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधीपासून असू शकते. यात हॅलोपेरिडॉलसारखी औषधं जिवावरही बेतू शकतात. ॲलर्जीच्या, झोपेच्या, लघवीच्या काही साध्या वाटणाऱ्या गोळ्यांनीही गोंधळ वाढतो (आणि वयस्कर माणसाच्या औषधांच्या डब्यात त्या हमखास निघतात). मनानेच बंद मात्र करू नका, सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरकडे जा.

आणि एक राहून राहून वाटतंय, काकांना त्या मुलांचा काही त्रासच नव्हता तर ती घालवायची घाई नक्की कुणाला होती?