टेकडी रंगवायची तर चैत्र-वैशाखात

मी जलरंगात निसर्गचित्रं काढतो, म्हणून जून लागला की लोक हमखास विचारतात, काय मग, तुमचा सीझन सुरू झाला ना? लँडस्केप म्हटलं की हिरवा डोंगर, धबधबा, छत्री घेतलेली माणसं, एवढंच डोळ्यापुढे येतं सगळ्यांच्या. मला मात्र पुण्यातली वेताळ टेकडी सगळ्यात सुंदर दिसते ती एप्रिल-मेमध्ये, गवत वाळून गेलेलं, खडक उघडे पडलेले, तेव्हा. आपला सह्याद्री म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर, त्यातला टणक थर कड्यासारखा उभा राहतो आणि मऊ थर झिजून उतार होतो, म्हणून तर आपल्या डोंगरांना त्या आडव्या पायऱ्या आहेत. पावसाळ्यात हे सगळं हिरव्याखाली झाकून जातं आणि डोंगराचा नुसता गोळा दिसतो. उन्हाळ्यात खडकवासल्याच्या बाजूनं सिंहगड बघा, एकेक पायरी मोजता येते. ड्रॉइंग शिकायचं तर तेव्हाच, असं माझं ठाम मत आहे.

रंगही काय भारी मिळतात! यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), आणि सावलीत अल्ट्रामरीन (गडद निळा) घालून जांभळट करडा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यात बसतात ना, त्यानं खडकाचा खरखरीतपणा आपोआप येतो, वेगळं काही करावं लागत नाही. त्रास एकच, वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) सुकतो फार पटकन, आकाश अर्ध्यात असतानाच कडा पकडतो. म्हणून ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन पेपर मागून-पुढून चांगला भिजवून घ्यायचा आणि साडेसहाच्या आत टेकडीवर पोचायचं, नऊनंतर सावल्या आखडतात, मग सगळं सपाट दिसायला लागतं.

स्टुडिओत वेगळीच गंमत. युरोपातल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की खिडकी उत्तरेला हवी, थेट ऊन येत नाही, उजेड स्थिर राहतो. पुण्यात हे वर्षभर खरं नाही हो! मेच्या मध्यावर सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो (तो शून्य सावलीचा दिवस), आणि तिथून जुलै संपेपर्यंत तो दिवसभर आपल्या उत्तरेलाच असतो. म्हणजे माझ्या त्या आदर्श खिडकीतून सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन थेट कागदावर. काचेला बटर पेपर लावतो, ढग जमले की काढून टाकतो.

मग पाऊस. झड लागली की बाहेर जाणं बंदच, पण ओल्यावर ओलं काम करायला याच्यासारखे दिवस नाहीत, कागद इतका वेळ ओला राहतो की ढग शांतपणे सोडता येतात, मागे ड्रायर घेऊन लागायची गरज नाही. काळजी घ्यायची ती बुरशीची. कागदाला साइझिंग असतं (रंग लगेच आत शोषला जाऊ नये म्हणून दिलेली खळ), ते दमट हवेत खराब झालं की रंग टीपकागदासारखा शोषला जातो आणि तो कागद गेलाच समजा. सगळे कागद पत्र्याच्या ट्रंकेत सिलिका जेल टाकून ठेवतो, फ्रेम्सच्या मागे बुचाचे तुकडे चिकटवतो म्हणजे भिंतीची ओल लागत नाही. आणि उघडीप मिळाली, श्रावणातलं ऊन पडलं, की सगळं सोडून ओंकारेश्वराच्या बाजूला नदीवर पळायचं. हिरवा ट्यूबमधून थेट लावायचा नाही, त्यात थोडा तांबूस हवाच.

ऑक्टोबरची हवा धुतलेली असते, सिंहगडावरून राजगड-तोरणा अगदी कोरून काढल्यासारखे दिसतात. मला ते चित्रासाठी जरा जास्तच स्पष्ट वाटतं. डिसेंबर-जानेवारीत थंड हवा खाली बसते, धूर-धूळ तिच्यातच अडकते, छातीला वाईट पण डोळ्याला सोपं, लांबचे डोंगर एकामागे एक फिके होत जातात. टोन, म्हणजे गडद-फिक्याच्या छटा, शिकायला नवीन मुलांना मी याच दिवसांत बोलावतो.

आणि फेब्रुवारीत टेकडीवर गिरिपुष्प फुलतं. झाड परदेशी, त्याच्याखाली इथलं फारसं काही वाढत नाही ही तक्रार मलाही पटते, पण निष्पर्ण फांद्यांवरचा तो फिका गुलाबी रंग बघून हात थांबत नाही. फक्त पांढरा मिसळू नका, रोझ आणि भरपूर पाणी, बाकी कागदाचा पांढरा पुरतो.