गुटी, वॉर्ड आणि माझी पीएचडी

नर्सिंगमध्ये पीएचडीला प्रवेश घेतला तेव्हा लेक दुसरीत होती. नोकरी नर्सिंग कॉलेजात शिकवण्याची. धनकवडीहून सकाळी सातला गाडी काढायची, संध्याकाळी पाचपर्यंत घरी, मग तिचा गृहपाठ आणि स्वयंपाक. माझा अभ्यास पहाटे चार ते सहा. कोर्सवर्क त्या दोन तासांत निभावलं.

अडले ते प्रश्नावलीवर. माझा विषय सिझर झालेल्या आयांचं स्तनपान. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी एकीने केलं, मूळ न पाहता दुसरीने ते परत इंग्रजीत नेलं, तज्ज्ञांनी तपासलं. पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, बाळाच्या दीड महिन्याच्या डोसाला आलेल्या आयांना विचारलं, ‘निव्वळ स्तनपान देता का?’ जवळजवळ सगळ्या हो म्हणाल्या. मला ते पटेना. रात्री भांडी आवरताना सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, गुटीला कोण दूध म्हणतं? कालपासून बाळाच्या तोंडात काय काय गेलं, ते विचार.”

तसं विचारलं आणि उत्तरंच बदलली. गुटी, मध, ग्राइप वॉटर, उकळलेलं पाणी. आयांनी काही लपवलं नव्हतं. आमचा प्रश्नच त्यांच्या घरातला नव्हता. पहिले सहा महिने पाणीसुद्धा नको, हे त्यांना नीट समजावणं हे तर नर्सचंच काम. ‘स्तनपान’ काढून ‘अंगावर पाजणं’ घातलं. बदललेली प्रश्नावली पुन्हा गाइडकडे, पुन्हा एथिक्स कमिटीकडे. त्यात दोन महिने गेले, पण त्याचं मला वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते दुसऱ्याचं. सहामाही प्रगती सादरीकरणाच्या दिवशी लेक तापाने फणफणली होती, तरी मी गेले. तारीख बदलून मागायचं सुचलंच नाही. पुढे एका सीनियर मैत्रिणीने विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२चे नियम वाचायला लावले. पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं आणि मूळ मुदत ६ वर्षं. बायकांना मुदतीत आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते, शिवाय पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. प्रवेशाच्या वेळी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही प्रवेश घेत असाल तर पहिल्याच आठवड्यात हे नियम आणि आपल्या विद्यापीठाचे नियम छापून फाइलला लावा.

त्या रजेतले वीस दिवस मी लेकीच्या परीक्षेच्या वेळी घेतले. आता २०० पैकी १६४ आया झाल्यात. कोऱ्या फॉर्मवर क्रमांक घालायचं काम लेकीचं. काल रात्री तिने १६५ ते १७४ घालून ठेवलेत.